निष्क्रिय संगणकावरील प्रोसेसरचा अतिवापर

निष्क्रिय संगणकावरील प्रोसेसरचा अतिवापर ही घरगुती संगणकात वारंवार आढळणारी एक स्थिती होय. वापरकर्ता संगणकावर कोणतेही काम करीत नसताना, सर्व खिडक्या बंद असताना किंवा संगणक नुकताच सुरू करून ठेवलेला असताना मध्यवर्ती प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर व्यग्र राहतो. पंख्याचा आवाज वाढणे, संगणक तापणे, लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरणे आणि कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटणे ही या स्थितीची दृश्य लक्षणे होत.

ही स्थिती म्हणजे रोग नसून लक्षण आहे. तिच्यामागे कार्यप्रणालीची नियमित देखभाल, एखाद्या प्रोग्राममधील दोष, यंत्रभागाचा किंवा ड्रायव्हरचा बिघाड, अतिउष्णता अथवा संगणकात शिरलेले घातक सॉफ्टवेअर यांपैकी कोणतेही कारण असू शकते. पहिले कारण निरुपद्रवी असते, तर शेवटच्या कारणामुळे वीज, पैसा आणि खासगी माहिती यांची हानी होऊ शकते. त्यामुळे उपाय करण्यापूर्वी कारणाचे निदान होणे आवश्यक असते.

संकल्पना

प्रोसेसरचा वापर टक्केवारीत मोजला जातो. ठरावीक कालखंडापैकी किती काळ प्रोसेसर उपयुक्त सूचना पार पाडत होता, त्याचे प्रमाण ही टक्केवारी दर्शविते. प्रोसेसर एका क्षणी एकतर काम करीत असतो किंवा थांबलेला असतो. '३० टक्के वापर' याचा अर्थ त्या कालखंडातील तीन दशांश वेळ तो कामात होता, असा होतो.

विंडोज कार्यप्रणालीच्या प्रक्रियासूचीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाची एक नोंद असते. तिच्यासमोर ९५ किंवा ९८ असा आकडा पाहून अनेक वापरकर्ते घाबरतात. प्रत्यक्षात ही नोंद प्रोसेसरचा रिकामा वेळ दाखविते. तिच्यासमोरील आकडा जितका मोठा, तितका संगणक अधिक मोकळा. ही नोंद बंद करता येत नाही आणि बंद करण्याची गरजही नसते.

आधुनिक प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात आणि एकूण टक्केवारी सर्व गाभ्यांची मिळून काढली जाते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एकच गाभा पूर्ण व्यग्र असेल, तर एकूण वापर २५ टक्के दिसतो. आठ तार्किक गाभे असतील, तर तो १२.५ टक्के दिसतो. एखादा प्रोग्राम २५ किंवा १२.५ अशा आकड्यावर तासन्‌तास खिळून राहिला असेल, तर तो न संपणाऱ्या आवर्तनात अडकला असण्याची शक्यता मोठी असते. निदानासाठी ही खूण फार उपयोगी पडते.

निरोगी संगणक पूर्ण निष्क्रिय असताना प्रोसेसरचा वापर सामान्यतः एक-दोन टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत वरखाली होत राहतो. क्षणिक चढ चिंताजनक नसतो. अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारा आणि पुन्हा पुन्हा उद्भवणारा मोठा वापर मात्र तपासावा लागतो.

निष्क्रियतेतील कामे

वापरकर्ता उठून गेल्यानंतरच संगणक अधिक व्यग्र व्हावा, हे वरवर विसंगत वाटते. परंतु कार्यप्रणालीची रचनाच तशी आहे. वापरकर्त्याच्या कामात व्यत्यय येऊ नये, म्हणून देखभालीची कामे मोकळ्या वेळेसाठी राखून ठेवलेली असतात. काही मिनिटे माउस अथवा कळफलक हलला नाही आणि इतर कामही सुरू नसले, की कार्यप्रणाली ती कामे हाती घेते. विंडोज १० मध्ये स्वयंचलित देखभालीची पूर्वनिर्धारित वेळ रात्री २ ची असते. घरगुती संगणक त्या वेळी बहुधा बंद असल्यामुळे ही कामे दिवसा, संगणक सुरू असताना मिळेल त्या मोकळ्या वेळेत उरकली जातात.

या कामांत विषाणुतपासणी, नवी अद्यतने शोधणे व बसविणे, फाइलींच्या शोधासाठी अनुक्रमणिका तयार करणे, चकतीची सुव्यवस्था लावणे आणि डॉटनेट प्रणालीच्या घटकांचे पुनर्संकलन यांचा समावेश होतो. विंडोजमधील 'डिफेंडर' हा विषाणुरोधक नियोजित तपासणीत प्रोसेसरचा सरासरी ५० टक्क्यांपर्यंत वापर करण्याची मर्यादा पाळतो. मात्र संगणक निष्क्रिय असताना चालणाऱ्या तपासणीला पूर्वनिर्धारित व्यवस्थेत ही मर्यादा लागू होत नाही.

वापरकर्ता परत येऊन माउस हलवितो तेव्हा यांपैकी बरीचशी कामे थांबतात. म्हणूनच पंख्याचा आवाज ऐकून टास्क मॅनेजर उघडताच प्रोसेसरचा वापर खाली आलेला दिसतो आणि दोषी कोण, ते कळत नाही. हेच वर्तन काही घातक प्रोग्रामही मुद्दाम करतात. टास्क मॅनेजर उघडल्याचे लक्षात येताच ते स्वतःचे काम थांबवितात. एकाच लक्षणाची ही दोन परस्परविरुद्ध कारणे असल्यामुळे केवळ या एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

कारणे

नियमित देखभाल: नवीन संगणक, नव्याने बसविलेली कार्यप्रणाली किंवा अनेक आठवडे बंद ठेवून पुन्हा सुरू केलेला संगणक यांत साचलेली कामे काही तास चालू शकतात. हा वापर आपोआप उतरतो.

सदोष प्रोग्राम: छपाईच्या रांगेत अडकलेला एखादा दस्तऐवज, अर्धवट बसलेले अद्यतन, खराब झालेली फाइल पुन्हा पुन्हा वाचू पाहणारी शोधसेवा किंवा एकमेकांच्या फाइली तपासत राहणारे दोन विषाणुरोधक यांमुळे प्रोसेसर सतत व्यग्र राहतो. एकाच संगणकावर दोन विषाणुरोधक कायम कार्यरत ठेवणे हे या गटातील टाळता येण्याजोगे कारण होय.

ड्रायव्हर व यंत्रभाग: प्रक्रियासूचीत 'सिस्टिम इंटरप्ट्स' या नोंदीसमोर सतत काही टक्क्यांहून मोठा आकडा दिसत असेल, तर एखादा यंत्रभाग प्रोसेसरचे लक्ष वारंवार वेधून घेत असतो. सदोष यूएसबी उपकरण, नेटवर्क किंवा ध्वनी ड्रायव्हर आणि निकामी होऊ लागलेली चकती ही त्याची नेहमीची कारणे असतात.

उष्णता: बहुतेक आधुनिक प्रोसेसर सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सिअस तापमानाला पोहोचले, की स्वसंरक्षणार्थ स्वतःचा वेग घटवितात. वेग घटल्यामुळे तेच काम पूर्ण होण्यास अधिक वेळ लागतो आणि वापराची टक्केवारी वाढलेली दिसते. धुळीने भरलेला पंखा, प्रोसेसरवरील वाळलेले उष्णतावाहक मलम आणि गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप यांमुळे असे घडते. काही लॅपटॉपमध्ये सदोष किंवा अपुऱ्या क्षमतेचे चार्जर जोडले असतानाही वेग मोठ्या प्रमाणात घटतो.

ब्राउझर: बंद केलेल्या ब्राउझरचे काही भाग पार्श्वभूमीत चालू राहू शकतात. विस्तारक, सूचना पाठविणारी संकेतस्थळे आणि आपोआप चालणारी चित्रफीत यांमुळेही वापर वाढतो.

घातक सॉफ्टवेअर: दुसऱ्याच्या संगणकाची गणनशक्ती चोरून आभासी चलन निर्माण करणे, या प्रकाराला क्रिप्टोजॅकिंग म्हणतात. बिटकॉइनसाठी विशेष यंत्रे लागतात. मात्र मोनेरो या चलनाची गणनपद्धती साध्या प्रोसेसरवरही चालेल अशी असल्यामुळे घरगुती संगणक हे या चोरीचे लक्ष्य बनतात. अनधिकृत मार्गाने मिळविलेले सॉफ्टवेअर आणि परवाना नसताना कार्यप्रणाली 'सक्रिय' करणारी साधने यांबरोबर असे प्रोग्राम अनेकदा येतात.

इतिहास

या समस्येचे सर्वाधिक परिचित उदाहरण विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीच्या अखेरच्या काळातील आहे. २०१३ मध्ये जगभरातील एक्सपी संगणक सुरू होताच बराच वेळ निरुपयोगी होऊ लागले. 'एसव्हीसीहोस्ट' नावाची प्रक्रिया प्रोसेसर पूर्णपणे व्यापून टाकीत असे. शोधाअंती दोष अद्यतनसेवेत आढळला. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचे प्रत्येक नवे अद्यतन आधीच्या अद्यतनाची जागा घेत असे. कोणते अद्यतन कोणाच्या जागी आले, ही साखळी तपासण्याची पद्धत अशी होती, की साखळीत एक कडी वाढली की तपासणीचा वेळ दुप्पट होई. वर्षानुवर्षे कड्या वाढत गेल्या आणि अखेर ती तपासणी संगणकाच्या आवाक्याबाहेर गेली. मायक्रोसॉफ्टने कालबाह्य कड्या यादीतून काढून टाकल्यावर, जानेवारी २०१४ मध्ये हा प्रश्न सुटला. त्यानंतर काही महिन्यांतच, ८ एप्रिल २०१४ रोजी, एक्सपीचे साहाय्य बंद झाले. या काळात विषाणूच्या संशयाने पुसून पुन्हा तयार केलेल्या संगणकांवरही तोच त्रास परत येई, कारण दोष संगणकात नसून अद्यतनांच्या यादीत होता.

सप्टेंबर २०१७ मध्ये 'कॉइनहाइव्ह' ही सेवा सुरू झाली. तिची छोटी आज्ञावली संकेतस्थळावर ठेवली, की ते पाहणाऱ्याच्या संगणकावर मोनेरो चलनाची गणना सुरू होई. काही संकेतस्थळे मुख्य खिडकी बंद केल्यानंतरही घड्याळाजवळ, टास्कबारच्या मागे, एक लहान खिडकी दडवून ठेवीत आणि गणना चालूच राही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी दृष्टिबाधितांना मजकूर वाचून दाखविणाऱ्या 'ब्राउझअलाउड' या साधनात ही आज्ञावली घुसविण्यात आली आणि ब्रिटनमधील शासकीय संकेतस्थळांसह सुमारे ४,००० संकेतस्थळे बाधित झाली. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील काही नगरपालिकांच्या संकेतस्थळांवर अशी आज्ञावली आढळली, तसेच मुंबईत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहातील कंपन्यांचे दोन हजारांहून अधिक संगणक क्रिप्टोजॅकिंगचे लक्ष्य झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह बंद पडली. मात्र संगणकात प्रत्यक्ष बसणारे गणनप्रोग्राम त्यानंतरही प्रचलित राहिले.

निदानाची पद्धत

निदान करताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून पुढे जावे, हा सर्वमान्य नियम आहे. अनेक उपाय एकदम केल्यास कोणता लागू पडला, ते कळत नाही.

१. संगणक सुरू करून, इंटरनेट जोडलेले ठेवून, एक-दोन तास तसाच राहू द्यावा. साचलेली देखभाल असल्यास ती या वेळेत बहुधा संपते. त्यानंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत 'शट डाउन' केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा जतन करून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तो निष्क्रियतेपूर्वीच उघडून ठेवावा, प्रोसेसरच्या स्तंभावर टिचकी मारून उतरता क्रम लावावा आणि माउसला हात न लावता दुरून निरीक्षण करावे. पंधरा-वीस मिनिटांत अग्रस्थानी कोण राहते, ते लिहून ठेवावे.

३. अग्रस्थानी 'एसव्हीसीहोस्ट' असेल, तर तेवढ्याने निदान पूर्ण होत नाही. ही प्रक्रिया इतर सेवांचे केवळ वाहन असते. तिच्या आत कोणती सेवा चालू आहे, ते सेवांच्या यादीतून पाहावे लागते. २०१७ मधील विंडोज १० च्या अद्यतनापासून, पुरेशी स्मृती असलेल्या संगणकांत बहुतेक सेवांना स्वतंत्र वाहन देण्यात आल्यामुळे हे काम सोपे झाले आहे.

४. टास्क मॅनेजर पुरेसा न ठरल्यास 'प्रोसेस एक्सप्लोरर' वापरावा. मार्क रुसिनोविच यांच्या 'सिसइंटर्नल्स' संचातील हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडून विनामूल्य मिळते. प्रक्रियेची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तिच्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी आहे का आणि तिला कोणत्या प्रोग्रामने सुरू केले, हे त्यात दिसते. कार्यप्रणालीतील फाइलीचे नाव धारण करणारी, परंतु वापरकर्त्याच्या तात्पुरत्या फोल्डरमधून चालणारी आणि स्वाक्षरी नसलेली फाइल संशयास्पद मानावी.

५. इंटरनेटची जोडणी काढून पाहावी. जोडणी तुटताच वापर खाली येत असेल, तर कारण अद्यतने, मेघसाठवण, ब्राउझर किंवा चलनगणना यांपैकी असण्याचा संभव वाढतो.

६. बाहेरून जोडलेली यूएसबी उपकरणे आणि प्रिंटर एकेक करून काढावेत.

७. संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करावा. या अवस्थेत फक्त अत्यावश्यक घटक चालतात. येथे वापर सामान्य असेल, तर दोष नंतर बसविलेल्या प्रोग्राममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असल्याचे दिसून येते. येथेही वापर मोठाच राहिला, तर यंत्रभाग, उष्णता किंवा कार्यप्रणालीच्या मूळ फाइली तपासाव्यात.

८. दोष नंतरच्या प्रोग्राममध्ये असल्याचे निश्चित झाल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामपैकी निम्मे बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. त्रास थांबल्यास दोषी बंद केलेल्या निम्म्यात, न थांबल्यास उरलेल्या निम्म्यात. याप्रमाणे दरवेळी निम्मे करीत गेल्यास ३२ प्रोग्राममधील दोषी पाच फेऱ्यांत सापडतो.

उपाय

उपाय कारणानुसार बदलतात. देखभालीचे काम असल्यास ते पूर्ण होऊ देणे हाच उपाय होय. अद्यतने किंवा विषाणुरोधक कायमचे बंद केल्याने पंखा शांत होतो, पण संगणक असुरक्षित बनतो. सदोष प्रोग्राम काढून त्याची नवी आवृत्ती बसवावी. ड्रायव्हर यंत्रनिर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. कार्यप्रणालीच्या फाइली बिघडल्याचा संशय असल्यास विंडोजमध्येच असलेल्या फाइलतपासणीच्या आज्ञा चालवाव्यात.

घातक सॉफ्टवेअर आढळल्यास प्रथम इंटरनेट तोडावे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत घ्यावी आणि संगणक सुरू होण्यापूर्वीच चालणारी 'ऑफलाइन' तपासणी करावी. बँक व ईमेल यांचे परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून बदलावेत. गणनशक्ती चोरणाऱ्या प्रोग्रामबरोबर माहिती चोरणारा प्रोग्रामही आलेला असू शकतो. तपासणीनंतरही खात्री होत नसेल, तर कार्यप्रणाली नव्याने बसविणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग ठरतो.

प्रक्रियासूचीतील अपरिचित नाव दिसताच ती प्रक्रिया बळाने बंद करणे धोक्याचे असते. काही प्रक्रिया बंद केल्यास संगणक तत्क्षणी बंद पडतो आणि जतन न केलेले काम नष्ट होते.

विजेवरील परिणाम

व्यग्र प्रोसेसर अधिक वीज खेचतो. प्रोसेसरच्या अनावश्यक वापरामुळे ६० वॅट वीज जास्त लागत असेल आणि संगणक दिवसरात्र सुरू राहत असेल, तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ युनिट वीज वाया जाते. महाराष्ट्रातील घरगुती वीजआकारणीत पहिल्या १०० युनिटांनंतर पुढील टप्प्याचा दर अधिक असतो. ज्या कुटुंबाचा मासिक वापर ८० युनिटांच्या आसपास आहे, ते केवळ या कारणाने वरच्या टप्प्यात जाऊ शकते. संगणक तेवढाच वेळ वापरूनही बिल वाढत असेल, तर प्रोसेसरचा वापर तपासणे उचित ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील लोणंद, फलटण हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील उन्हाळा कोरडा व कडक असतो. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लोणंदसारख्या गावांत, रस्त्यालगतच्या घरांत व दुकानांत संगणकाच्या पंख्यावर धुळीचा थर लवकर साचतो. अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी संगणकाची पेटी उघडून, वीजजोडणी काढून, मऊ ब्रशने पंखा व उष्णताशोषक साफ करणे हा खर्चाविना होणारा प्रतिबंधक उपाय आहे. विषाणूच्या संशयाने कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी ही सफाई करून पाहावी.

विषाणुरोधक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान लक्षणीय आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी पुण्यात संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून 'क्विक हील' हा विषाणुरोधक विकसित केला. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत खरा बिघाड नसून विषाणू असल्याचे आढळणे, हे त्यामागील निमित्त होते. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य उपलब्ध असतात.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्यात घातक प्रोग्राम सोडणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ व ६६ अन्वये दंडनीय असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

बनावट साहाय्य

संथ झालेल्या संगणकाचा गैरफायदा घेणारी फसवणूकही प्रचलित आहे. पडद्यावर अचानक भीतिदायक सूचना झळकते, एक दूरध्वनी क्रमांक दिला जातो आणि पलीकडील व्यक्ती दूरस्थ नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसविण्यास सांगते. मग निष्क्रिय संगणकाच्या सामान्य नोंदीच 'विषाणूचा पुरावा' म्हणून दाखविल्या जातात. ज्येष्ठ नागरिकही अशा फसवणुकीला बळी पडतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. अनोळखी व्यक्तीला संगणकाचे नियंत्रण देऊ नये, आणि दिले गेले असल्यास तत्काळ इंटरनेट तोडून बँकेला कळवावे.

इतर कार्यप्रणाली

मॅकओएसमध्ये निदानासाठी 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' वापरतात. त्यात 'कर्नल टास्क' या प्रक्रियेचा आकडा मोठा दिसणे हे बहुधा उष्णतेचे लक्षण असते. इतर प्रोग्रामना प्रोसेसर कमी मिळावा व यंत्र थंड व्हावे, यासाठी ती प्रक्रिया मुद्दाम जागा अडवून ठेवते. कार्यप्रणालीच्या मोठ्या अद्यतनानंतर 'स्पॉटलाइट' ही शोधसेवा काही तास व्यग्र राहते. लिनक्समध्ये 'टॉप' व 'एचटॉप' ही साधने प्रचलित आहेत.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. सुरक्षा अद्यतने न मिळणाऱ्या जुन्या संगणकांत प्रोसेसरचा अकारण अतिवापर आढळल्यास घातक सॉफ्टवेअरची शक्यता आधी पडताळून पाहावी.